विहिरीजवळच्या दोन खुंट्या

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. लोक म्हातारपणी असले गुण झाकून ठेवतात. मला आता झाकण्यासारखं काही उरलेलं नाही. माझं माहेर कारंज्याच्या वेशीबाहेरच्या मळ्यातलं. वांगी आणि मेथी बाजारात नेणाऱ्या घरात लेकरू बोलायच्या आधी तराजूकडे बघायला शिकतं. समोरचा गोड बोलायला लागला की त्याच्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघायचं, एवढी शिकवण बांधून घेऊन मी मानोऱ्याकडच्या एका शेतकरी घरात धाकटी सून म्हणून आले. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट.

घरात माणसं मोजकी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. मामाजी, म्हणजे माझे सासरे. थोरले भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, आणि जाऊबाई. आणि आम्ही दोघं. ओसरीच्या उजव्या अंगाला भासऱ्यांची खोली, डाव्या अंगाला आमची. ओसरीच्या तीन पायऱ्या उतरलं की अंगण. अंगण आपलं म्हणायला. एका बाजूला कडब्याची गंजी, तिला टेकलेली गाडी, मोडकं वखर, गोवऱ्यांचा ढीग, मधेच कुणाची तरी बाज. या सगळ्याला वळसे घालत विहिरीकडे जायचं. न्हाणीचं पाणी वाट फुटेल तिकडे जाई आणि भर उन्हाळ्यातही दाराशी चिखल. घागर घेऊन निघालेली बाई कशाला तरी ठेचकाळणारच. मळ्यातल्या पोरीला हे बघवत नव्हतं, पण नव्या सुनेला कोण विचारतो?

मामाजींशी मी बोलत नव्हते. भांडण नव्हतं, रीत होती. सासऱ्यासमोरून पदर ओढून, मान खाली घालून जायचं. काही सांगायचं झालं तर जावेच्या नाहीतर नवऱ्याच्या तोंडून. लग्नाला तीन वर्षं झाली होती. माझा आवाज त्यांनी भिंतीपलीकडून भरपूर ऐकला असेल, कारण तो लहान नाही. पण त्यांना उद्देशून मी एक शब्द बोलले नव्हते. त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलंही नव्हतं.

त्या वर्षी दिवाळी झाली, तूर फुलावर आली आणि मामाजींना अंगणाचं वेड लागलं. जन्मभर ज्यांनी त्या उकिरड्याकडे ढुंकून बघितलं नाही, ते सकाळी वहाणा काढून पायऱ्या उतरायचे, सावकाश विहिरीपर्यंत जायचे आणि परत यायचे. ओठ हलत असायचे. पावलं मोजत होते. चार दिवस असं मोजून झाल्यावर त्यांनी गड्याला हाक मारली, मधलं सगळं सामान बाजूला करवलं, पायरीशी दोन आणि विहिरीशी दोन खुंट्या ठोकायला लावल्या. दीड हाताचं अंतर ठेवून दोन सुतळ्या ताणल्या. सुतळ्यांच्या मधे राख टाकली.

ती राख बघून मी काय ते ओळखलं. आमच्या गावात घराची वाटणी अशीच व्हायची. कागद नंतर, आधी अंगणात सुतळी आणि राख. सुतळ्या दोन, कारण भिंतीला जाडी लागते. आदल्याच वर्षी शेजारच्या घरात हे झालं होतं. आठ दिवसांत मातीची भिंत उभी राहिली, एका चुलीच्या दोन झाल्या, आणि विहीर गेली थोरल्याकडे. धाकट्याची बायको तेव्हापासून नाल्यावरून पाणी आणत होती. ती डोक्यावर घागर, कडेवर घागर अशी रोज माझ्या दारावरून जायची.

आता आमच्या विहिरीचं सांगते. अंगणाच्या टोकाला विहीर. तिच्या डाव्या अंगाला रहाट, उभं राहायला दगडी ओटा आणि कमरेइतका कठडा. उजव्या अंगाचा कठडा दोन पावसाळ्यांपूर्वी ढासळला होता, तिकडे कोणी फिरकत नसे. मामाजींची सुतळी रहाटाच्या ओट्याला डावीकडून जाऊन भिडत होती. म्हणजे भिंत उठली की विहीर, रहाट, ओटा, सगळं उजवीकडे. जाऊबाईंकडे. आमच्या वाट्याला न्हाणीचा चिखल.

मी जाऊबाईंना स्वयंपाकघरात गाठलं.

"बाई, मामाजी हे काय करून राह्यले?"

"मले काय माहीत वं? तुलेच माहीत असन. काल तुह्याच नवऱ्यासंगं बोलत होते."

"हे तं दिवसभर वावरात होते!"

"असन बा," त्या म्हणाल्या आणि भाकरी थापायला लागल्या. ते 'असन बा' मला आजही आवडत नाही. ती बाई काही लपवायचं असलं की तेवढंच बोलायची.

नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "झाडं लावाचे हायेत म्हने."

"झाडं लावाले राख कायले लागते?"

"मले काहून पुसतं? त्यायचं अंगण, ते पायतीन." माझा नवरा साधा माणूस. साधा म्हणजे इतका, की कुणी अंगावरचा सदरा काढून नेला तर तो बटणं लावून देईल. मला कळून चुकलं की डोळ्यांत तेल घालून बसायचं ते मलाच.

मग आला वासाचा प्रकार. जाऊबाई निरोप घेऊन आल्या. "मामाजी पुसून राह्यले, कोन्या झाडाले बारा महिने वास येते? तुह्या माहेरी असतीन मने." मी त्यांच्याच तोंडून उत्तर पाठवलं: तुळस, गवती चहा, लिंबाचं पान, मोगरा म्हणाल तर उन्हाळ्यापुरता. दोन दिवसांत कारंज्याहून रोपं आली. पायरीशी मोगरा, न्हाणीशी गवती चहा, अंगणाच्या मधोमध तुळशीचा ओटा. लिंबाचं रोप भिजवून ठेवलं. ते विहिरीजवळ, काम झाल्यावर लावायचं म्हणे. मला मनातून हसू येत होतं. रहाटाशी लिंबू लावला तर पदर काट्यांत अडकणार आणि पानं पाण्यात पडणार, एवढं आमच्या मळ्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

"म्हाताऱ्याले या वयात मोगरा कायले पायजे वं?" जाऊबाई हळूच म्हणाल्या. "नवी सासू तं नाई आनत?" त्यावर आम्ही दोघी पदर तोंडात धरून हसलो. त्या अख्ख्या महिन्यात आम्ही एकत्र हसलो ते तेवढंच. लगेच माझ्या मनात आलं, ही मला हसवून बेसावध तर करत नाही ना?

माझा हिशेब पक्का झाला होता. मोगरा, तुळस ही वरवरची शोभा, वाटणी गोड करून गळी उतरवण्यासाठी. खरी गोष्ट ती सुतळी. गड्यानं सपाट दगड आणून पायरीशी सुतळीजवळ टाकले तेव्हा तर शंकाच उरली नाही. भिंतीचा पाया दुसरा कशाचा असतो?

सडा टाकायची पाळी माझी, त्यामुळे घरात पहिली उठणारी मीच. दगड बसवायला सुरुवात व्हायच्या दिवशी उजाडता उजाडता मी विहिरीजवळच्या दोन्ही खुंट्या उपटल्या. चार हात उजवीकडे, ढासळलेल्या कठड्याच्या बाजूला, नेऊन ठोकल्या. सुतळ्या पुन्हा ताणल्या. जुनी भोकं शेणानं बुजवली, वर सडा टाकला, राख नव्या रेषेवर पसरली. काम सफाईनं केलं. वाफा सरळ कसा आखायचा ते मला कुणी शिकवायला नको होतं. आता विहीर रहाटासकट डावीकडे, आमच्या वाट्याला आली होती. हात धुऊन मी चुलीपाशी गेले. वाईट वाटलं का, असं कुणी विचारलं तर खरं सांगते, नाही वाटलं. उलट तीन वर्षांत पहिल्यांदा त्या घरात मी काहीतरी ठरवलं होतं.

गडी आला तेव्हा त्यानं डोकं खाजवलं. "काल सुतळी इकडं नोयती वाटते?" मी भांडी जरा जोरात घासायला लागले. मामाजी ओसरीवर बसले होते. ते तिथूनच म्हणाले, "खुंटीपासून खुंटीपर्यंत सरळ जाय. मी मोजून देल्ली हाय." पुढचे सहा दिवस ते ओसरीवरच बसून होते. दगड बसल्याचा आवाज आला की तिकडे तोंड करायचे आणि मान हलवायचे. एकोणीस दगड बसले. सातव्या दिवशी भिंतीची माती येईल म्हणून मी वाट बघत होते. माती आली नाही.

आठव्या सकाळी माणसं वावरात गेली, जाऊबाई चुलीपाशी होत्या. मी रहाटावर पाणी ओढत होते. मामाजी हातात तांब्या घेऊन पायऱ्या उतरले. अनवाणी. पहिल्या दगडावर पाय ठेवून क्षणभर थांबले, आणि मग चालू लागले. ताठ मानेनं, काठीशिवाय, न अडखळता. इतकं भरभर चालताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. चेहऱ्यावर हसू होतं आणि ओठ हलत होते. मी पदर पुढे ओढला आणि फटीतून बघत राहिले. आता विहिरीशी आले की खुंट्या हलल्याचं कळेल, मग बघू काय म्हणतात ते.

ते विहिरीशी आले, पण पाऊल मंद झालं नाही. त्यांनी कठड्यासाठी हात पुढे केला. तिथं कठडा नव्हता.

"मामाजी, थांबा! विहीर हाय म्होरं!"

त्यांच्याशी बोललेला तो माझा पहिला शब्द. त्यांचं पाऊल काठावर थांबलं. पायाखालची माती सुटली आणि बऱ्याच वेळानं खाली पाण्याचा आवाज आला. मी धावत जाऊन त्यांचा दंड धरला आणि मागे ओढलं. तांब्या हातातून सुटला.

"कोन? धाकटी?" त्यांनी विचारलं. "रहाट कुठं हाय?"

"तुमच्या डाव्या हाताले. चार हात."

ते माझ्या आवाजाकडे बघत होते, माझ्याकडे नाही. तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत बघितलं. दोन्ही बुबुळांवर दुधासारखा पडदा होता. तीन वर्षं एका छपराखाली राहून मला ते दिसलं नव्हतं, कारण मी पदराआड होते आणि पदराआडून फक्त हातांकडे बघत होते.

"कवापासून?" मी विचारलं.

"दोन सालं झाले. आता निस्ता उजेड कळते."

"मंग कोनाले सांगतलं काहून नाई?"

"आंधळ्याच्या हातात घर कोन ठिवते, बाई? दोघं भाऊ दुसऱ्याच दिवशी सुतळी ताणतीन." ते तिथंच दगडावर खाली बसले. "पायाले दगड कळला आन् नाकाले वास कळला, का मले कोनाचा हात धरा नाई लागत. असं ठरवून केलं होतं सारं." मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "खुंट्या कोनं हलवल्या? मोठ्यानं का धाकट्यानं?"

त्यांना वाटत होतं की पोटच्या पोरानं आपल्याला विहिरीकडे वळवलं. गप्प बसले असते तर मी सुटले असते, आणि तो म्हातारा मरेपर्यंत दोन्ही मुलांच्या हातचं पाणी संशयानं प्यायला असता.

"त्यायनं नाई. म्या हलवल्या," मी म्हणाले. "मले वाटलं, वाटणी करून राह्यले तुमी. विहीर तिकडं जाईन असं वाटलं."

ते रागावतील म्हणून मी वाट बघत होते. ते रागावले नाहीत. त्यांनी हातानं दगड चाचपला आणि म्हणाले, "वाटणी होऊ नाई मनूनच तं केलं." आणि मग, "कोनाले सांगू नोको." मला रडू आवरलं नाही, आणि त्यांच्यासमोर तोंड झाकायची आठवणही राहिली नाही.

दोन दिवसांत मी गड्याला हाताशी घेऊन शेवटचे दगड उपटले आणि रहाटाच्या बाजूला पहिल्या जागी बसवले. लिंबू माझ्या हातानं लावला. जाऊबाईंना सांगितलं, तिकडे कठडा नाही, धोका आहे. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "असन बा."

दोन वर्षांत त्या अंगणाचं रूप पालटलं. न्हाणीचं पाणी गवती चहातून पुढे वांग्यांच्या वाफ्यात गेलं आणि चिखल संपला. कडबा मागे गेला, तुळशीजवळ बायकांना दुपारी टेकायला जागा झाली, घागर घेऊन चालताना कुणाला ठेच लागेना. चारचौघं मुद्दाम बघायला यायचे आणि आपल्या घरी जाऊन तसंच करायचे. मामाजींच्या डोळ्यांचं पुढे सगळ्यांना कळलं, पण तोवर घराला त्या अंगणाची सवय झाली होती आणि ते असेपर्यंत वाटणीचं नाव निघालं नाही. सगळ्यांना ते अंगण लाभलं.

ज्यांनी ते स्वतःसाठी केलं, त्यांचा मात्र त्यावरचा विश्वास गेला होता. ते रोज पायऱ्या उतरायचे, मोगऱ्यापासून मोजत निघायचे आणि सोळाव्या दगडावर थांबायचे. हात पुढे करून विचारायचे, "कोन हाय तिथं?" मी घागर ओट्यावर आपटून म्हणायची, "मी हाय मामाजी. रहाट जाग्यावर हाय." मगच ते उरलेले तीन दगड चालायचे. मी त्यांना शंभरदा सांगितलं, दगड आता हलणार नाहीत. ते हो म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सोळाव्यावर थांबायचे.

एकदा मी माहेरी आठ दिवस राहून आले. गड्यानं सांगितलं की ते आठही दिवस मामाजी सोळाव्या दगडापर्यंत आले, हाक मारली आणि परत फिरले. त्यानंतर मी माहेरी जाणं सोडलं. जाऊबाई गावभर सांगायच्या, धाकटीचा विहिरीवर डोळा आहे, म्हणून ती घर सोडून हलत नाही. मी कधी ते खोडून काढलं नाही.