न खाल्लेली साखर

गोडाचा वास आला की मोठमाय पदर नाकाला लावायची, शेजारी उकिरडा उकरल्यासारखा. मोठमाय म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. काका गेल्यावर जैनथ गावातली वांग्यांची वाडी तीच बघायची. साखरेचा आजार निघाला तेव्हा आदिलाबादच्या डॉक्टरांनी तिला गोड बंद करायला सांगितलं. तिनं ते नुसतं बंद केलं नाही, त्याची किळसच लावून घेतली. "गूळ म्हंजे शेन. शेन कोनी खाते का?" म्हणायची. पुरणपोळीच्या दिवशी भाकर आणि ठेचा घेऊन वाडीत जाऊन बसायची.

गुडघ्यांपुढे मात्र तिचं काही चालेना. वाफ्यात बसलं की उठता येत नसे. तेव्हा तिच्या मुलानं, वामनदादानं, बाजारात बसणाऱ्या एका पुडीवाल्याकडून पिवळी पूड आणली. त्या माणसाची नखं काळीकुट्ट, आणि त्याच बोटांनी तो पुड्या बांधायचा. आठवलं तरी मळमळतं. पण गुण आला. मोठमाय टोपली डोक्यावर घेऊन चालू लागली, हळूहळू गालही गोल झाले. गाव म्हणे, "बुढी सुधरली." दादाची छाती फुगायची.

साखर मात्र चढतच गेली. झालं, घरानं निकाल लावला: बुढी चोरून खाते. सुनेनं गुळाचा डबा कुलपात घातला. दादा तिची उशी उलथून पाहायचा, तिचं तोंड हुंगायचा. सख्ख्या आईचं तोंड! मला आजही त्याची शिसारी येते. ती दादाला एवढंच म्हणायची, "म्या नाई खाल्लं, बापू. काऊन खोटं बोलू?"

पायाची जखम चिघळली तेव्हा दादा आणि मी तिला आदिलाबादला नेलं. डॉक्टरांनी तिचे गाल पाहिले, काय काय घेता म्हणून खोदून विचारलं आणि पुडी मागून घेतली. यात स्टेरॉइड असणार, म्हणाले. आपल्या अंगात तयार होणाऱ्या एका हार्मोनसारखंच ते काम करतं, आणि ते जास्त झालं की गोडाला न शिवणाऱ्याचीही साखर वाढते. मग दादाकडे वळून म्हणाले, "अम्मा ने शक्कर नहीं खाई. ये पुडी ने चढाई."

मोठमायनं डोळे पुसले. "आयकलं ना, वामन? घरी सांगजो." दादा खिडकीबाहेर पाहत राहिला.

पुडी त्यानंच आणली होती, सांगणार कसा? मी घरी सांगितलं तर म्हणाला, "चार बुकं शिकला अन् काईबी बोलते." दवाखान्यात ठेवून घेतलेली मोठमाय परत आलीच नाही.

तेरवीला, गेलेल्या माणसाच्या आवडीचं पानावर ठेवतात. दादानं सगळ्या सोयऱ्यांदेखत पेढा ठेवला. "चोरून खात होती बिचारी. आता खाऊ दे पोटभर."

पेढा उचलून मी त्याच्या तळहातावर ठेवला. "दादा, डॉक्टर काय म्हनाले ते सांगा. नाईतं हा तुमीच खा."

दादानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पेढा तोंडात टाकला.