प्रेमदास गाणं थांबवायला शिकला

तीस वर्षं प्रेमदास राठोड लोकांच्या वरातींपुढं चालला. कळमनुरी तालुक्यातल्या एका तांड्यावरचा हा माणूस वारंगा फाट्यावरच्या गुलाबचंदच्या बँडात क्लॅरनेट वाजवायचा. वरात अजून वळणाआड असली तरी फाट्यावरचे चहावाले नुसत्या सुरावरून सांगायचे, "आज प्रेमदास हाय."

मागच्या लग्नसराईत टेम्पोतून उतरताना तो तोंडावर पडला आणि पुढचे दोन दात गेले. दात बसवून घेतले, पण क्लॅरनेट ओठात धरलं की बसवलेले दात हलायचे आणि सुराऐवजी नुसती हवा निघायची. गुलाबचंद माणूस चांगला. तो म्हणाला, "झांज घे प्रेमदास, घरी बसू नको." प्रेमदासने चार लग्नं झांज वाजवली, पाचव्याला गेला नाही. त्याला लाज वाटत नव्हती. आपल्या डोळ्यांसमोर सूर दुसऱ्याच्या तोंडातून निघतो आणि आपण नुसतं ठोक्याला ठोका देतो, हे त्याला सोसत नव्हतं.

"तुमाला घास जाईना, ते दातामुळं का सुरामुळं?" त्याची बायको रुख्मिणीबाई एकदा म्हणाली.

"दोन्हीमुळं," तो म्हणाला.

पावसाळ्यात फाट्याजवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका दिपा मॅडम तांड्यावर आल्या. शाळेत बासऱ्या होत्या, ड्रम होते, दोन पेट्या होत्या. शिकवणारं कुणी नव्हतं. "जानेवारीत स्नेहसंमेलन आहे, मास्तर. मुलींचा बँड बसवा. जमलं तर पुढे दर शनिवारी तुम्हीच शिकवायचं."

प्रेमदासला नेमकं हेच हवं होतं. आपल्याला वाजवता येत नसेल तर न येवो, पण सुरांच्या घोळक्यातून बाहेर पडायचं नव्हतं.

पंधरा मुली होत्या. त्याने एकेकीला गुणगुणून चाल शिकवली. होळीला तांड्यावर फेर धरून म्हणतात त्या लेंगीची चाल निवडली, कारण ती त्याच्या हाडात होती. दिवाळीपर्यंत प्रत्येकीला चाल आली, पण सगळ्या एकत्र वाजवायला लागल्या की बाजार भरायचा. बासऱ्या पुढं पळायच्या, पेट्या मागं राहायच्या आणि प्रेमदास टाळ्या वाजवत हिच्याकडून तिच्याकडं धावायचा.

"मास्तर, समोर उभं राहून हातानं चालवा ना," दिपा मॅडम म्हणाल्या. "हिंगोलीला मिनाताई साळवे आहेत. चर्चमधला वाद्यवृंद त्याच बसवतात. त्यांना भेटा."

रविवारी एसटीने प्रेमदास हिंगोलीला गेला. मिनाताई दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स होत्या. पांढरी साडी, गळ्यात चष्मा, आवाज वॉर्डातला. प्रार्थना संपल्यावर नाताळच्या गाण्यांचा सराव होता. समोर दोन व्हायोलिनं, एक पेटी, एक गिटार. मिनाताईंनी त्याला मध्ये उभं केलं, तर तो बाकांकडं तोंड करून उभा राहिला.

"प्रेमदासभाऊ, वाजवणारे मागे आहेत."

"लोकांकडं पाठ करायची? नवरीचा मामा हाणंल ना मला."

सगळे हसले. मिनाताईंनी त्याला खांदे धरून फिरवलं. हात वर घेतले की त्याची बोटं आपोआप क्लॅरनेटची भोकं दाबायला लागायची. "हवेत वाजवू नका," मिनाताई म्हणायच्या. "तुमचं वाजवणं आता यांच्या हातात." खाली, डावीकडे, उजवीकडे, वर, अशी चार मात्रांची वाट हातात बसायला तीन रविवार गेले. मग सुरुवात जमली: हात उचलायचा, श्वास घ्यायचा, सोडायचा.

चौथ्या रविवारी गाणं दोनदा झालं, तिसऱ्यांदा सुरू झालं, चौथ्यांदाही. व्हायोलिनवाल्याच्या कपाळावर घाम आला.

"थांबवा ना!" मिनाताई ओरडल्या.

"कवा?"

"संपल्यावर!"

"आमचं गाणं संपत न्हाई, बाई. नाचणारे थकले की दुसरं धरायचं. वरात मंडपात गेली की आपोआप बंद पडतं. कुणी अर्ध्यात सोडतो, कुणी पाणी प्यायला पळतो."

मिनाताईंनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवून त्याच्याकडं पाहिलं. तीस वर्षं, हजारो गाणी, आणि या माणसाने एकही गाणं संपवलेलं नव्हतं.

"मग आता तेच शिकू," त्या एवढंच म्हणाल्या. त्याचा हात हातात घेऊन त्यांनी हवेत एक गोल काढला आणि त्याची मूठ मिटवली.

चर्चमध्ये ते जमलं, कारण तिथले वाजवणारे मुरलेले होते. शाळेत जमेना. मूठ मिटली की बासऱ्या थांबायच्या, पेट्या थांबायच्या, आणि सगळं गप्प झाल्यावर मोठ्या ड्रमवर धाडकन एक ठोका पडायचा. तो ड्रम आठवीतल्या वैष्णवीकडं होता. मुली खिदळायच्या. एके दिवशी ती रडायलाच लागली.

"मला काढून टाका, मास्तर."

"तुला काढलं तर मी बी निघालो," प्रेमदास म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं.

स्नेहसंमेलनाला चार दिवस होते. रुख्मिणीबाई चुलीपुढं भाकरी थापत होती आणि प्रेमदास दारात उभा राहून तिच्या थापांवर हात चालवत होता.

"मी मूठ मिटली की थांब."

"भाकर करपली तर मूठच खा मंग."

पण ती थांबली. पुन्हा थांबली. तिसऱ्यांदाही बरोबर थांबली.

"तुला कसं कळतं? तुझं ध्यान तर पिठावर."

"मूठ मिटायच्या आधी तुमी माझ्याकडं बघता. ते कळतं. मंग मी वर बघते."

प्रेमदास तिथंच उंबऱ्यावर बसला. शाळेत आपण कुठं बघतो? स्वतःच्या मुठीकडं, नीट मिटली का म्हणून. आणि बँडात? तीस वर्षं नाचणाऱ्यांच्या पायांकडं. शेजारच्या ढोलवाल्याचं तोंड त्याने कधी धड पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तो वैष्णवीकडं बघू लागला. तीनदा वाजवलं तर एकदा जमायचं.

स्नेहसंमेलनाला शाळेच्या मैदानात मांडव होता. तांड्यावरची माणसं आली होती, गुलाबचंद पहिल्या रांगेत होता. प्रेमदास लोकांकडं पाठ करून उभा राहिला. त्याने हात उचलला, श्वास घेतला, आणि पंधरा मुलींनी लेंगी उचलली.

दोन फेरे वाजवून थांबायचं ठरलं होतं. दुसऱ्या फेऱ्याला मागून शिट्ट्या आल्या, खुर्च्या सरकल्या. "होऊ द्या मास्तर!" कुणी तरी ओरडलं. गुलाबचंदचा आवाज आला, "चालू ठेव, प्रेमदास!" मागं पाय पडत होते, न बघता त्याला कळत होतं की वीस-पंचवीस जण नाचताहेत. आणि त्याचा हात चालतच राहिला. तिसरा फेरा सुरू झाला.

पहिल्या बासरीवरची मुलगी लाल झाली होती. दुसरीचा श्वास मध्येच तुटत होता, तरी ती सोडत नव्हती. बासरीवाल्या सगळ्या त्याच्याकडं बघत होत्या. वरातीत नाचणारे थकले की थांबायचं. इथं थकत होती ही लेकरं, आणि त्यांना थांबवणारा एकटा तोच होता.

त्याने वैष्णवीकडं पाहिलं. ती गर्दीकडं बघून हसत होती. तिचा बाप सोनाजी पुढं येऊन नाचत होता. प्रेमदासने खूण केली नाही, मान हलवली नाही. हात चालू ठेवून तो नुसता तिच्याकडं बघत राहिला. चार मात्रा गेल्या. आठ गेल्या.

तिने वर पाहिलं.

त्याने श्वास घेतला, गोल काढला आणि मूठ मिटली. पंधराही जणी थांबल्या. मोठा ड्रमसुद्धा.

मागं दोन-चार पाय तसेच पडले आणि थबकले.

"आँ? बंद काहून केलं?" सोनाजी म्हणाला.

"कारण संपलं!" वैष्णवी मंचावरून बापाला म्हणाली. मांडव हसला, आणि मग टाळ्या सुरू झाल्या.

दिपा मॅडम मंचाच्या कडेला आल्या. "मास्तर, शनिवारी किती वाजता येता?"

"आठला," प्रेमदास म्हणाला. मुली बासऱ्या ओठाजवळ धरून तशाच उभ्या होत्या, वैष्णवीची काठी हवेतच होती. का हलत नाहीत, ते त्याला जरा वेळाने कळलं. त्याचा हात अजून वरच होता. त्याने तो सावकाश खाली घेतला.