शेळ्यांचा नकाशा आणि गोल वाट

आमच्या गावच्या दूध सोसायटीत माप घेणाऱ्या एका गृहस्थाला ओळखीची वाट म्हणजे अपमान वाटतो. रविवारी तो माझ्यासोबत सायकल काढतो आणि फाटा आला की खाली उतरून लेंड्या तपासतो. "शेळ्या गेल्यात म्हंजी वाट हाय," एवढाच त्याचा नकाशा.

परवा शिरूरमागच्या डोंगरावर एका बाभळीपाशी त्याला सपाट, देखणी पायवाट सापडली. संध्याकाळी पाचला सोसायटी उघडायची होती, नाहीतर उन्हात लोकांचं दूध नासलं असतं. किल्ली त्याच्याच खिशात. "चला मास्तर, थेट खाली उतरती!"

तासभर आम्ही वाऱ्यासारखे पळालो आणि पुन्हा त्याच बाभळीपाशी आलो.

त्यानं जमिनीवर पाय आपटून पाहिला आणि खदाखदा हसला. "अवो, ही वाट न्हाई! दुष्काळात पाणी अडवाया आमीच डोंगराभोवती एका पातळीत खणलेला चर हाय, गाळानं भरलाय. ह्यो कसा उतरंल?"

मग सायकल खांद्यावर टाकून तो सरळ उतारावरून घसरत सुटला, मागोमाग मी.

सोसायटीपुढे कॅन घेऊन रांग उभी होती. "कुठं गेलतास रं?" एकजण ओरडला.

कुलूप काढत तो ऐटीत म्हणाला, "आपला चर तपासाया. लई पक्का हाय. पाण्याचं सोड, आमालाबी खाली येऊ देत नव्हता!"