कंडक्टरसाहेबांची डासविरोधी आघाडी

माणसं जोडण्याचा नाद माझ्या साडूंइतका अख्ख्या मराठवाड्यात कुणाला नसेल! दोघं भांडताना दिसले की इतर लोक भांडण सोडवतात. हे दोघांना चहाला बसवतात आणि कप खाली ठेवेपर्यंत एकाच समितीत घेऊन टाकतात. एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे गाडी भरल्याशिवाय सोडायची नाही हा बाणा निवृत्तीनंतरही टिकून आहे. रक्तदान असो, गणपती असो, साडूंची समिती तयार!

गेल्या वर्षी अक्कांना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, डेंग्यू झाला आणि हा सगळा नाद डासांकडे वळला. अक्का माझ्या बायकोची थोरली बहीण. दवाखान्यात अक्कांचा आवाज इतका खोल गेला होता, की हा बोलघेवडा माणूस त्यांच्या उशाशी कान लावून बसायचा. अक्का घरी आल्या त्या दिवशी मला म्हणाले, "आता आपल्या वसाहतीतलं एकबी माणूस ह्या पायी खाटंला लागू द्यायचं न्हाई." तेव्हापासून साचलेलं पाणी दिसलं की त्यांच्या अंगात येतं. आमच्या नांदेडच्या घरी आले, तर आम्ही पाण्याचा तांब्या घेऊन उभे आणि हे फ्रिजमागच्या पाण्याच्या ट्रेत डोकं घालून बसलेले! भोकरला एका लग्नात तर यांनी मंगलाष्टकं चालू असताना नवरदेवाशेजारची फुलदाणी उपडी केली. वरबाप अंगावर धावून आला. संध्याकाळपर्यंत तोच वरबाप आपल्या गावात समिती काढायला निघाला होता, आता बोला!

पण खरी मजा त्यांच्या लातूरच्या वसाहतीत झाली. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर साडूंनी फर्मान काढलं: दर शुक्रवारी कोरडा दिवस, सगळ्यांनी पिंपं-रांजण ओतून, घासून पालथे घालायचे. अहो, लातुरात! जिथं नळाला पाणी येतं तेच आठवड्याकाठी, तिथं भरलेली पिंपं ओता म्हणे! पहिल्याच बैठकीत पिठाच्या गिरणीवाल्या काकू उभ्या राहिल्या. "पाणी वता म्हणणाऱ्यानं आदी माझ्या दारात टँकर उभा करावा. डास परवडले, पण तुमी न्हाई!" सगळी बैठक हसली. अक्कासुद्धा.

मी त्यांच्या जागी असतो तर तोंड लपवून घर गाठलं असतं. साडू मात्र आनंदानं ओरडलेच, "काकू, आजपासून तुमी अध्यक्ष!" आडवं बोलेल त्यालाच काम द्यायचं, हा त्यांचा जुना कायदा. "आवं, आडवा माणूस बाहेर ऱ्हायला की गल्लीभर बोलत फिरतो," ते मला समजावतात. "आत घेतला की त्येचं बोलणं कामाला येतं."

आणि आलंच की! काकूंनी शुक्रवार उडवला. कोरडा दिवस नळ येईल त्याच दिवशी सकाळी. तळाचं उरलंसुरलं पाणी झाडांना, पिंप घासायचं, नळ आला की भरायचं आणि वर जुन्या लुगड्याचं दुहेरी फडकं घट्ट बांधायचं. दळण घेऊन आलेल्या प्रत्येक बाईला त्या विचारायच्या, "फडकं बांधलं का? मग ठेव डबा." पाण्याच्या पायी वर्षानुवर्षं एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या वरच्या आणि खालच्या गल्लीतल्या बाया एकाच सकाळी पिंपं घासू लागल्या, कारण गिरणी एकच! साडूंचा उत्साह काय वर्णावा! बॅटरी घेऊन घरोघरच्या पिंपांत डोकावायचे आणि तिथूनच मला फोन: "निर्मळ हाय, साडूभाऊ! अळीची वळवळ म्हणून न्हाई!"

दिवाळीच्या आधी मी लातूरला गेलो. पावसाळा सरला होता आणि वसाहतीतलं कुणीही डेंग्यूनं दवाखान्यात गेलं नव्हतं. त्या दिवशी बैठक होती, पण मला स्टँडवरून आणण्यात साडूंना उशीर झाला. आम्ही समाजमंदिराशी पोचलो, तर बैठक ऐन रंगात आलेली. काकू बोलत होत्या, खालच्या गल्लीतल्या बाया त्यांना अडवत होत्या आणि अक्का त्या सगळ्यांच्या वर आवाज चढवून काहीतरी सुचवत होत्या. कंडक्टरसाहेब कुठंयत, असं कुणीच विचारत नव्हतं.

साडू दारातच थांबले. "माझ्याबिगर सुरू केली की हो," ते म्हणाले. मग आत डोकावून, "बरंच झालं. आता म्या नसलो तरी चालंल."

"चला की आत," मी म्हटलं.

"नगं," त्यांनी माझा हात धरला. "तिचा आवाज किती खणखणीत झालाय, बघा. ऐकू द्या जरा."

आम्ही बाहेर पायरीवर बसलो आणि ते आपल्या बायकोचं भांडण ऐकत राहिले.