पाव्हण्यांच्या पायांवर गेलेलं डाळीचं पाणी

आमचं गाव खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी इतकं खारं की तुरीची डाळ दिवसभर उकळा, दाणा दाण्यासारखाच राहतो. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. मी नवी सून होते. चौथी शिकलेली, म्हणून सासू मला ‘मास्तरीण’ म्हणायची. कौतुकानं नव्हे.

नणंदेला पाहायला मेहकरकडचे पाव्हणे येणार होते. आधीचे एक पाव्हणे, पोरीला साधं वरण येत नाही म्हणून नकार देऊन गेले होते. खाऱ्या पाण्याचं सांगितलं तर घाटावरच्या, गोडं पाणी पिणाऱ्या त्या लोकांना ते निमित्त वाटलं. म्हणून या वेळी नवऱ्यानं सोनाळ्याहून बैलगाडीनं दोन घागरी गोडं पाणी आणलं. एक पिण्याला, एक डाळीला.

पाव्हणे सकाळीच टपकले. नवऱ्यानं घाईत हातपाय धुवायला डाळीचीच घागर दिली. आठ पाय धुवून झाल्यावर सासूच्या ध्यानात आलं. पिण्याची घागर पाव्हण्यांना जेमतेम पुरणार होती. नणंद चुलीपुढे बसून रडायला लागली.

“हेही नाहीच म्हनतील व वयनी.”

“रडून डाळ शिजत नाई,” मी म्हटलं.

शाळेत पावसाचा धडा शिकवताना गुरुजींनी चहाच्या आधणावर थंड थाळी धरून दाखवली होती. उन्हानं पाण्याची वाफ होते, मीठ खालीच राहतं, वर गारवा लागला की वाफेचं पुन्हा पाणी होतं. समुद्र खारा असून पाऊस गोडा, तो यामुळे. मी मोठ्या गंजात विहिरीचं पाणी घेतलं, मधे दगड ठेवला, दगडावर रिकामं पितळी भांडं. गंजाच्या तोंडावर गार पाण्यानं भरलेली कढई बसवली आणि फट कणकेनं बंद केली. कढईच्या बुडाला लागलेली वाफ थेंब होऊन भांड्यात पडणार होती.

सासू आली. “काय व मास्तरीण, पाणी शिजवून राह्यली? पाणी बनवनं देवाचं काम हाय. मानसाले येते काय ते?”

“बनवून नाई राह्यली, आत्याबाई. खारातून काढून राह्यली.”

पहिल्या खेपेला उघडून चाखलं तर खारट. मी गंज जास्त भरला होता, उकळी उसळून भांड्यात पडली होती.

“झालं देवाचं काम?” सासू म्हणाली.

मी अर्धा गंज ओतून दिला आणि पुन्हा जाळ केला. नणंद रडणं सोडून कढईतलं तापलेलं पाणी बदलत बसली. या खेपेला दोन तांबे पाणी निघालं. सासूच्या तळहातावर थोडं टाकलं. तिनं चाखलं आणि पुन्हा हात पुढे केला.

डाळ लोण्यासारखी शिजली. नणंदेनं घोटली, वरून विहिरीचं पाणी घालून पातळ केली. डाळ एकदा शिजली की खारं पाणी तिचं काही बिघडवत नाही, मीठ मात्र वाचतं. मुलाच्या आईनं दोनदा वरण मागून घेतलं.

“पोरीनं केलं काय?”

“हाव, तिनंच केलं,” सासू ताठ मानेनं म्हणाली.

पानावरच होकार आला. पाव्हणे आचवायला उठले. नवरा लगबगीनं पिण्याच्या घागरीकडे धावला, तशी सासू आतून ओरडली, “अबे, खाऱ्यातलं घे!”