तांब्याच्या तारेची माळ

अंगारे-धुपारे मानणाऱ्यांची मला कीव येत नाही, चीड येते. माझी हयात शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली. तेव्हा हे वाचून कुणी मला ताईत सुचवायला येऊ नये...

आज लिव्हर बदलून माणूस किती वर्षं जगतो, याच्या चर्चा पेपरात येतात. महाराष्ट्र होऊन सात-आठ वर्षं झाली होती, तेव्हा आमच्या सोनाळ्यात कावीळ झाली की बुवाकडून माळ आणायचे. ओल्या काड्यांची माळ डोक्यावर ठेवायची. ती वाढत कमरेपर्यंत आली की कावीळ उतरली! यातली चलाखी शेंबड्या पोराला कळावी. काड्या सैल फासांत बांधलेल्या असतात. वाळल्या की बारीक होतात, फास सरकतात, माळ लांबते. पण डोकं वापरायचं नाही, अशी गावाने शपथच घेतलेली.

वहिनीची कावीळ हटेना. बुलढाण्याचे डॉक्टर स्पष्ट म्हणाले, "लिव्हर जवळजवळ गेलंय. अशातून क्वचितच कुणी वाचतं. नागपूरला न्या." आणि माझा थोरला भाऊ, चांगला मॅट्रिक पास, म्हणतो कसा —

"आधी माळ घालू. उतरली तं नागपूरले कायले जाचं?"

"आणि नाही उतरली तर?"

"तं मंग नेऊ."

मला एवढंच हवं होतं. माळ आणायला मीच गेलो. बुवा पान चघळत हसला, "मास्तर, तुम्ही? काऊन, सायन्स संपलं काय?" त्या भोंदूपुढे पैसे टाकले आणि माळ उचलली.

दुपारी पडवीत बसून मी सगळे फास सोडले. आतून शाळेतली तांब्याची तार ओवली, पकडीने पीळ दिला, वरून दोरा गुंडाळला. एकवीस काड्या, डोक्याच्या घेरापुरत्या. बैलजोडीने ओढली तरी इंचभर वाढणार नाही अशी. रविवारी सकाळी दादाने ती वहिनीच्या डोक्यावर ठेवली.

सोमवारी माळ तिच्या गळ्यात होती. बुधवारी कमरेला.

"कोणी बदलली?" मी ओरडलो.

"बदलते कोण बे?" दादा म्हणाला. "मी तिच्याजवळून हाललो नाही."

नागपूर राहिलं. वहिनी भाकरी मागू लागली, महिन्याभरात डोळे पांढरे झाले. माळ माझ्या बायकोने तिच्या कमरेवरून कापून आणून दिली. मी टेबलावर पसरली — माझीच तार, माझाच पीळ, एकवीस काड्या. टेपने मोजली. डोक्याच्या घेराएवढी! बायकोला परत वहिनीच्या कमरेला लावून पाहायला सांगितलं, तर टोकाला टोक लागेना.

कावीळ कधी कधी आपोआप बरी होते, हे मलाही कळतं. पण तारेचं काय? कॉलेजातल्या प्राध्यापकांना विचारलं, त्यांनी मलाच वेड्यात काढलं. मला आजही उत्तर माहीत नाही, आणि याची मला लाज वाटते.

वहिनी ऐंशीच्या पुढे जगली. शेवटी शेवटी एकदा म्हणाली, "बुवावर माहा कवाच भरवसा नव्हता, भाऊजी. पण तुम्ही पडवीत माळ बांधून राह्यले होते, ते मी खाटेवरून पाह्यलं. म्हटलं, देवाले न मानणारा माणूस माह्यासाठी माळ बांधते... आता मले मरता येत नाही."

 माळ उतरू नये म्हणून बांधली होती, हे सांगायची माझी छाती झाली नाही.