पेन्सिलीची रेघ

ज्योतीराम सरकारी कचेरीत नकाशे काढी. साताऱ्याकडून पोटासाठी आलेला, बोलायला मवाळ. चौपन्न साली पिंपरीच्या माळावर नवा कारखाना येणार म्हणून जमिनी मोजल्या जात होत्या, तेव्हाची ही गोष्ट. नकाशा एकदा शाईत गेला की तक्रारीला जागा उरत नसे, म्हणून हा गृहस्थ पेन्सिलीतला कच्चा नकाशाच काखेत मारून गावात जाई. आधी चहा, मग घरच्यांची चौकशी, मग नकाशा. कुणाचा गोठा, कुणाची पाऊलवाट वाचवायची ते साहेबांच्या कानावर घाली. न दुखवता सांगण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण गोड बोलण्याची खोड वाईट. सांगायचं तेच ओठांवर अडतं.

गोजाबाईच्या शेतात चिंचेखाली तिच्या नवऱ्याची समाधी होती, म्हणजे एक साधा घडीव दगड. कच्च्या रेघेने ती चिंच कारखान्यात घेतली होती. म्हातारीने नकाशावर बोट ठेवलं. "मग यांना कुटं न्यू?"

ही रेघ अजून बदलेल, थांबा, एवढंच त्याने म्हणायचं होतं. पण तिचे डोळे भरून आले होते, आणि ते त्याला बघवेना. "विहिरीच्या अंगाला न्या, मावशी. तिकडे काही येत नाही."

तिने दिवस पाहिला, भावकी बोलावली, नारळ फोडून दगड विहिरीपाशी नेला. पंधरवड्याने साहेबांनी रस्त्यासाठी रेघ सरकवली. चिंच सुटली, विहीर गेली.

ज्योतीराम सांगायला गेला तेव्हा चहाला थांबला नाही. दगड मी स्वतः खांद्यावरून परत चिंचेखाली नेतो, म्हणाला. गोजाबाई रागावलीसुद्धा नाही.

"न्हाई बाबा. येकदा उठवलेल्या मान्साला पुन्यांदा उठवत न्हाईत. तुमी बोलला नसता, तर ते व्हते तितंच ऱ्हायले असते."

त्यानंतर त्याने कच्चा नकाशा कुणालाच दाखवला नाही. पाहुणा शेफारला, असं गाव म्हणालं. पुढचे कितीतरी गोठे न विचारताच शाईखाली गेले, त्याचंही पाप त्याच्याच माथी बसलं.

विहीर दगडासकट कारखान्याच्या भिंतीआड गेली. दर अमावस्येला गोजाबाई चिंचेखालच्या रिकाम्या जागी दिवा लावी. कामावरून परतणारा ज्योतीराम सायकलवरून उतरे आणि ती घरी जाईपर्यंत लांबच उभा राही.